टोपणनाव चालणार नाही

१

आमच्या घरात दुपारी दोन वाजता टपाल यायचं. पोस्टमन नाही, मशीन आणायचं.

शनवाऱ्यात, गावातल्या लूमवाल्यांच्या मोहल्ल्यात, दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या आहेत. खाली आणि आजूबाजूला पॉवरलूम, दिवसभर खटाखट. पाहुणा आला की विचारतो, तुम्हाला झोप कशी लागते हो? मी सांगते, लूम बंद पडले की जाग येते. सगळ्यात आतली खोली मशीनची. तिथे एक जुना कॉम्प्युटर, आणि त्यावर आमचं बोर्ड. बोर्ड म्हणजे काय हे मी शंभरदा सांगितलंय, आणखी एकदा सांगते. काळा पडदा, हिरवी अक्षरं. लोक आपापल्या घरून त्यात शिरतात, निरोप वाचतात, निरोप ठेवतात, निघून जातात. फोटो नाहीत, रील नाहीत, सकाळी सकाळी गुलाबाची फुलं पाठवणारं कोणी नाही. तीस वर्षांपूर्वी जगभर असे बोर्ड होते म्हणे. आता हौस म्हणून उरलेत, काही लोक कबुतरं पाळतात तसं.

मी प्रतिभा. शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पोरं मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. माझं लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं, मी परत आले. धाकटा भाऊ उखर्डू नेपानगरला कागदाच्या मिलमध्ये आहे. रेल्वेनं जातो, रेल्वेनं येतो. त्याचं लग्न राहूनच गेलं. बोर्ड आम्हा दोघांचं होतं, पण खरा जीव त्याचा. नऊ मेंबर. त्यातला एक जसोंडीचा जीवन, केळीवाला. बाकीचे हिंदीवाले, त्याच्याशिवाय मराठी कळणारं त्यात कोणी नव्हतं.

"अक्का, हेच नऊ लोक किती दिवस एकमेकांचं तोंड पाहात बसतील?" उखर्डू एकदा म्हणाला. "आपलं बोर्ड नेटवर्कले जोडू ना. बोर्डाले बोर्ड जोडलं की दुनियाभरचं टपाल येते."

"नऊ जणांशी धड बोलता येत नाही तुला, दुनियेशी काय बोलशील?"

"तू फक्त हौ म्हण ना यार."

मी हौ म्हटलं. त्याचा अर्ज भरायचं कामही माझ्याच गळ्यात आलं, कारण त्याचं इंग्रजी मिलच्या गेटपाशी संपतं.

२

उखर्डू हे नाव कोणी हौसेनं ठेवत नाही.

माझ्यानंतर मायला तीन मुलगे झाले. पहिला बारा दिवस जगला, दुसरा सहा महिने, तिसरा दीड वर्ष. तिसरा मला आठवतो. माझं बोट धरून चालायचा. चौथा झाला तेव्हा मायनं त्याला नेऊन उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारच्या रंभाबाईनं उचलून परत आणून दिलं. उकिरड्यावर टाकलेलं पोर कोणाला हवंय? म्हणून उखर्डू. आमच्याकडे याचं कोणाला नवल नाही, गावोगाव एखादा असतोच.

पण पाळण्यात घातलं तेव्हा आत्यानं त्याच्या कानात एक दुसरं नाव सांगितलं होतं. चांगलं नाव. त्या नावानं त्याला कोणी कधी हाक मारली नाही. शाळेच्या दाखल्यावर उखर्डू, आधारवर उखर्डू, मिलच्या पासावर उखर्डू. ते दुसरं नाव त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. आत्या गेली, मग ते एकट्या मायकडे राहिलं, आणि माय जाताना मला देऊन गेली.

"लग्न जमलं त भटजीले लागीन," ती म्हणाली. "नाही जमलं त तोंडातून काढू नको. माह्या उखर्डूले सांभाळजो."

बारा वर्षं मी सांभाळलं. मी आयुष्यात फार काही केलेलं नाही. नवरा टिकवला नाही, घर बांधलं नाही. हे एक काम होतं. भाऊ राहिला पाहिजे, बस.

३

अर्जात मी त्याचं नाव लिहिलं, उखर्डू आणि पुढे आडनाव. दोन दिवसांनी हबवाल्याचं उत्तर आलं. हबवाला म्हणजे ज्याच्या मशीनवर सगळ्या बोर्डांचं टपाल गोळा होतं आणि तिथून वाटलं जातं, तो. परदेशातला कोणी म्हातारा, लिहायला मोठा गोड. हिंदुस्थानातून कोणी जोडलं जातंय याचा आनंद झाला वगैरे वगैरे. पुढे लिहिलं होतं की त्यानं ते नाव भाषांतराच्या अॅपमध्ये घालून पाहिलं, शेणाचा ढीग असं निघालं, तो आणि त्याची बायको खूप हसले. पण आमच्या नेटवर्कचा जुना नियम आहे. खरं नाव लिहा, टोपणनाव चालणार नाही.

माझं डोकंच फिरलं.

शाळेत पोरं हसली. मिलमध्ये साहेब लोक हसले. एका मुलीकडच्या बायकांनी तर आमच्याच घरात बसून तोंडाला पदर लावला. उखर्डूला कधी राग आला नाही. तो त्यांच्याबरोबर स्वतःही हसायचा, आणि ते त्याचं हसणं मला बघवत नसे. आता हा सातासमुद्रापलीकडचा म्हातारा राहिला होता, त्यानंही हसून घेतलं.

उखर्डू तेव्हा पाळीवर होता. मी अर्जातला नावाचा रकाना रिकामा केला आणि त्यात आत्यानं सांगितलेलं नाव टाइप केलं.

रागात केलं, पण त्यात थोडा लाडही होता, खोटं कशाला बोलू. एका तरी जागी माझ्या भावाला धड नाव असू दे, असं वाटलं. टाइपच तर केलंय, हाक थोडीच मारली, असंही मी मनाशी म्हटलं. मग पाठवून दिलं आणि कुकर लावला.

४

दुसऱ्या दिवशी आम्हाला नंबर मिळाला. नेटवर्कमधल्या प्रत्येक बोर्डाला एक नंबर असतो आणि दर शुक्रवारी सगळ्या नंबरांची यादी येते, समोर मालकाचं नाव. उखर्डू किलोभर मावा जिलेबी घेऊन आला. खाणारे आम्ही दोघं.

"पागल आहेस का तू? इतकी कोण खाईल?"

"लूमवाल्यांले दे. म्हण, आमचं कनेक्शन लागलं."

त्या महिन्यात त्याची रात्रपाळी होती आणि मला उन्हाळ्याची सुट्टी. म्हणून दुपारी दोनला आम्ही दोघंही मशीनसमोर असायचो. मशीन हबला विचारायचं, काही आहे का? हब टपालाची थैली द्यायचा. कोणी टोमॅटोवर लिहिलेलं, कोणी आपल्या मांजरीच्या ऑपरेशनवर. उखर्डू मला सगळं वाचून समजावून सांगायला लावायचा आणि खूश व्हायचा. मीही खूश होते, उगाच नाही कशाला म्हणू.

पहिली यादी आली तेव्हा त्यानं बोट ठेवून आपला नंबर शोधला.

"अक्का, आपल्या नंबरासमोर हे कोणाचं नाव?"

मी कप खाली ठेवला. "त्यांची चूक असेल. मी कळवते."

"चांगलं नाव आहे पण," तो म्हणाला. मोठ्यानं वाचलं नाही, नशीब.

सोमवारी एक निरोप आला. पाठवणाऱ्याच्या जागी काही नव्हतं. ज्याला पाठवला त्याच्या जागी ते नाव होतं. आत एकच ओळ, इंग्रजी अक्षरांत आपली मराठी.

आहे का घरी?

शेजारीण दारातून विचारते ना, तसं. उखर्डू हसला. "बघ, त्या चुकीच्या माणसाचं टपालही आपल्याच घरी येऊन राह्यलं."

प्रत्येक निरोपाच्या तळाशी वाटेची ओळ असते. निरोप कोणकोणत्या मशीनवरून आला त्यांचे नंबर त्यात ओळीनं येतात, पार्सल कुठवर पोचलं ते फोनवर दिसतं तसंच. या निरोपाच्या ओळीत नऊ नंबर होते. शेवटचा आमचा. आधीचे आठ मी यादीत शोधले. एकही यादीत नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात उखर्डूनं उत्तर पाठवून दिलं होतं. मी रागावले तर म्हणाला, "अवं, सभ्य माणसासारखं लिहिलं ना. या नावाचं इथे कोणी राहात नाही."

ते वाचून मला बरं वाटलं. वाटलं, यापेक्षा चांगलं उत्तर मायनंही दिलं नसतं.

५

मी शिकवते कॉम्प्युटर. भुतंखेतं शिकवत नाही. त्या रात्री मी झोपले, सकाळी उठून मशीनची नोंदवही तपासली. सोमवारी दोन वाजता हबकडून काय आलं? नोंदवहीत शून्य. थैली रिकामी आली होती. म्हणजे तो निरोप कोणीतरी आमच्या बोर्डातच बसून लिहिलेला. मराठी कोणाला येते? जीवनला. मी त्याला फोन लावला आणि सरळ फायरिंग सुरू केली.

"मॅडम, कायचा निरोप?" तो म्हणाला. "इथे वादळानं सगळी केळी झोपवली. आठ दिवस झाले, आमच्या डीपीवर लाइट नाही. फोन चार्ज करायले मी ट्रॅक्टरवर बसेल आहे."

मी सॉरी म्हटलं. हबवाल्याला लिहिलं. त्यानं कळवलं की असा कोणताही निरोप त्याच्याकडून गेला नाही, ते आठ नंबर त्यानं कधी कोणाला दिलेले नाहीत, आणि तुमची भाषा येणारं नेटवर्कमध्ये तुमच्याशिवाय कोणी नाही. मी त्याला दुसरं पत्र टाकलं. ते नाव काढा, माझं नाव घाला, प्रतिभा, हे माझं खरं नाव आहे. तो म्हणाला, घालतो, पण यादी शुक्रवारीच निघते. जुनी यादी ज्याच्या त्याच्या मशीनवर गेलेली आहे, ती काही परत मागवता येत नाही.

बुधवारी दुसरा निरोप आला तेव्हा मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर उखर्डू टाइप करत होता, दोन बोटांनी, जीभ दातांत धरून.

"कोणाला लिहितोय?"

"तेच ते. विचारते, मग तिथे कोण राहाते?"

"आणि तू काय लिहिलंस?"

"मी उखर्डू राह्यतो म्हटलं. मी आणि माही बहीण."

"पाठवलं?"

"हौ. काऊन?"

मी त्याच्या खांद्यावरून वाकून खाली पाहिलं. वाटेच्या ओळीत चार नंबर होते.

मशीन बंद करावं हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण मग त्याला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं तर नाव सांगावं लागलं असतं. शिवाय मी स्वतःला म्हटलं, प्रतिभा, तू विज्ञानाची पदवी घेतलीस, चार आकड्यांना काय घाबरतेस? शुक्रवार दोन दिवसांवर होता. मी एवढंच केलं की मशीनच्या खोलीचा पडदा ओढून घेतला आणि रात्री तिच्या दाराला कडी लावायला लागले. घाबरले होते मी. तोंडानं काहीही म्हटलं तरी.

६

शुक्रवारी दोनला नवी यादी आली. आमच्या नंबरासमोर प्रतिभा लिहिलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं. खांद्यावरचं ओझं उतरलं आणि मी चहा ठेवला. उखर्डू रात्रपाळी करून आलेला, मधल्या खोलीत खाटेवर झोपला होता. बाहेर त्रेचाळीस डिग्री.

चहाला उकळी यायच्या आतच लाइट गेली. लूम एकदम थांबत नाहीत, एकामागून एक थांबतात, गल्लीच्या त्या टोकापासून आमच्याकडे. शेवटचा आमच्याच खालचा. मग काहीच नाही. इन्व्हर्टरवर मशीन चालू होतं, त्याच्या पंख्याची घरघर पडद्याआडून येत होती.

मग त्याच खोलीतून कोणीतरी हाक मारली.

बाईमाणसाचा आवाज. आत्याचा होता का? मी तेव्हा सात वर्षांची होते, मला शपथेवर सांगता येणार नाही. हळू आवाज, पाळण्यात वाकून कानाशी बोलतात तेवढा. तेवढा हळू आवाज मधली खोली ओलांडून स्वयंपाकघरात ऐकू येत नसतो. मला ऐकू आला. त्या आवाजानं ते नाव घेतलं. मग पुन्हा घेतलं.

मी पळत मधल्या खोलीच्या दारात आले. उखर्डू खाटेवर उठून बसला होता. पाळण्यानंतर सेहेचाळीस वर्षांत त्यानं जे नाव एकदाही ऐकलं नव्हतं त्या नावाला तो झोपेतच म्हणाला, "आलो."

"उखा," मी म्हटलं. "उखा, जाऊ नको. तुला नाही बोलावलं."

तो उठला. माझ्यासमोरून गेला, हातभर अंतरावरून. डोळे उघडे होते. तो सरळ चालत नव्हता. डाव्या अंगाला वाकला होता, डावा हात खाली, त्याचं एक बोट पुढे, आणि पावलं अगदी छोटी छोटी. लहान लेकरानं बोट धरलं की मोठ्या माणसाला असं वाकून चालावं लागतं.

मला त्याला धरता आलं असतं. मी त्याला धरलं नाही. डोक्यात फक्त एवढंच येत होतं की चहा उतू जाईल.

पडदा दोन जागी हलला. आधी गुडघ्याच्या उंचीवर. मग त्याच्या खांद्यापाशी.

लाइट दहा मिनिटांत आली. लूम सुरू झाले. तेव्हा कुठे मी आत गेले. तो खुर्चीत बसला होता, हात मांडीवर. बाकी खोलीत कोणी नव्हतं. स्क्रीनवर एक नवा निरोप होता, आत एकही अक्षर नाही. वाटेच्या ओळीत एकच नंबर, आमचा.

"भूक लागली," तो म्हणाला.

मी त्याला जवळ घेतलं. खूप वर्षांत घेतलं नव्हतं. तो अंगानं गरम होता, छाती धडधडत होती, सगळं जागच्या जागी होतं.

७

मशीन मी त्याच संध्याकाळी बंद केलं. वायरी काढल्या, कॉम्प्युटर उघडून आतली डिस्क काढली, ती तापीत टाकून आले आणि उरलेला डबा भंगारवाल्याला दिला. नेटवर्कला कळवलं, आमचा नंबर रद्द करा. हबवाल्यानं वाईट वाटल्याचं लिहिलं. उखर्डूनं मशीनबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. जीव होता त्याचा त्यात, पण विचारलं नाही.

आठवड्यानं मिलमधून मोहितचा फोन आला, त्याच्या सोबतच्याचा. "अक्का, उखर्डूभाऊंना कानाचं दाखवा. मागून किती हाका मारा, बघतच नाहीत. नावावरून गंमत केली तरी हसत नाहीत."

मी दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कान एकदम क्लीन आहेत, माझ्यापेक्षा चांगलं ऐकतात हे. खरंच ऐकतो. दूध उतू जायच्या आधी सांगतो. पाळीवर जातो, येतो, पगार आणून देतो. भाकऱ्या दोन खायचा, आता पाच खातो. मला अक्का म्हणत नाही, पण तसं कोणालाच काही म्हणत नाही. शेजाऱ्यांसाठी मी होते तीच प्रतिभा आहे, शाळेत जाते, पोरांना माउस धरायला शिकवते. मला रडू येत नाही. यायला हवं हे कळतं, पण येत नाही.

काल रविवार होता. दुपारी मी ताट वाढलं, तो समोर बसला आणि खाली मान घालून जेवायला लागला. मी त्याच्याकडे बघत होते. तोच भाऊ, तोच उजव्या भुवईवरचा वण. म्हटलं, एकदा शेवटचं बघू.

"उखा," मी म्हटलं.

तो जेवत राहिला.

"उखा!" मी जोरात हाक मारली, गल्लीतून मारतात तशी.

"ओ, अक्का!"

माझ्या भावाचा आवाज. त्याचाच, हातातलं काम न सोडता द्यायचा तसा. समोरच्याचं तोंड घासानं भरलेलं होतं. आवाज आतल्या खोलीतून आला होता. त्या खोलीत आता काही नाही, रिकामं टेबल आहे.

मी उठले नाही. समोरच्यानं ताट पुढे केलं. मी भाकरी वाढली.